दैवशालाचा आवाज आत जाईना

दैवशाला मोठ्यानं हाक मारणारी बाई नाही. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. तिला काही हवं असलं की ती भिंतीपाशी येऊन उभी राहते आणि माझं लक्ष जाईपर्यंत थांबते. त्या सकाळी मात्र मी कणीक मळत होते आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "ताई, जल्दी या." पिठाचे हात तसेच घेऊन मी गेले.

दसरा नुकताच झाला होता. दारांवरची झेंडूची तोरणं सुकली होती, पण कुणी काढली नव्हती. आमच्या गल्लीत तिच्या दाराशी एक रिकामा टेम्पो उभा होता. तो तिच्या दिराचा, बद्रीनाथचा. आष्टीहून सोयाबीन घेऊन तो मंठ्याच्या बाजारात आला होता, आणि परत जाताना टेम्पो रिकामा जाणार नव्हता. त्यात दैवशालाची भांडी जाणार होती, शिलाई मशीन जाणार होतं, लोखंडी पलंग जाणार होता, आणि त्या पलंगावर बसलेली तिची सासू गिरिजाबाई.

बद्रीनाथ वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते. दैवशालाचा नवरा सोमेश्वर बसस्टँडजवळ फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान चालवायचा. पीक विमा, दाखले, पोरांच्या शिष्यवृत्त्या. तो तापाचं निमित्त होऊन गेला, दुकान बंद झालं आणि दुकानातला कंप्युटर घरी आला. मूलबाळ नव्हतं. दैवशाला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायच्या कामाला लागली, आणि घर चाललं. मग गिरिजाबाई न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला, पण त्यांना एकटं ठेवायची सोय राहिली नाही. दैवशालानं दवाखाना सोडला आणि घरी ब्लाऊज शिवायला घेतले. गल्लीत शिवणाऱ्या बायका आधीच होत्या. मग बद्रीनाथ म्हणाला, "वैनी, असं किती दिवस? आईला मी नेतो आष्टीला. तुम्ही संग चला, न्हाई तर माहेरी जा, तुमची मर्जी."

त्याचं बोलणं गैर नव्हतं. पण त्या दोघींना ते नको होतं. तशा त्या दिवसभर भांडायच्या. चहात साखर कमी, उशी उंच, पंखा हळू. मी एकदा गिरिजाबाईंना विचारलं होतं, आष्टीला एवढं मोठं घर आहे, सुना आहेत, जात का नाही? तर म्हणाल्या, "तिथं सकाळी समदे शेतात जात्यात. म्या काय भिंतीसंग भांडू?"

अशात पुण्याच्या एका संस्थेचं काम निघालं. खेड्यापाड्यातल्या गरोदर बायका, बाळंतिणी तिथं फोन करतात. त्यांचं ऐकून घ्यायचं, धीर द्यायचा, धोका दिसला तर लगेच डॉक्टरांशी जोडून द्यायचं. घरी बसून, कंप्युटरवरून. त्यांना आपल्या भागातली बोली बोलणारी बाई हवी होती. दैवशाला दोन फेऱ्या पास झाली. शेवटची फेरी त्या दिवशी दुपारी बारा वाजता होती. ते लोक स्वतःच पेशंट बनून बोलणार, आणि ही कसं बोलते ते बघणार. नियम कडक होते. जो कंप्युटर आधी नोंदवला तोच वापरायचा. कानाला हेडफोन, तोंडाशी माइक, समोर दुकानातला नुसता फोटो काढायचा कॅमेरा. खोलीत दुसरं माणूस नको, मोबाइल नको. आणि आधी कंप्युटर स्वतः आवाज तपासून घेणार. त्यात पास झालं तरच पुढचं पान उघडणार. वेळ चुकली तर दुसरी वेळ मिळणार नाही.

बद्रीनाथनं शब्द दिला होता, "काम लागलं तर आई इथंच. न्हाई लागलं तर दसऱ्यानंतर मी टेम्पो घेऊन येतो." तो आला होता. बारापर्यंत थांबतो म्हणून ओट्यावर बसून तंबाखू मळत होता.

मी आत गेले तर दैवशाला कंप्युटरसमोर बसलेली. कानाला हेडफोन. पडद्यावर आवाज दाखवणारी एक आडवी पट्टी होती. बोललं की ती हिरवी होऊन हलायला पाहिजे. ती राखाडीच होती.

"हॅलो," दैवशाला म्हणाली. "हॅलो, हॅलो." पट्टी ढिम्म.

"आली का मास्तरीण," पलंगावरून गिरिजाबाई म्हणाल्या. माझे यजमान शाळेत आहेत म्हणून मी मास्तरीण. "बघ बाई, हिचं यंत्र मुकं झालंय."

"मुकं न्हाई आत्याबाई," दैवशाला पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "त्याचं मला ऐकू येतंय. माझं त्याला येईना. बहिरं झालंय."

"मंग तुझ्या सासऱ्यावर गेलं."

एरवी आम्ही हसलो असतो.

"नवरात्राच्या आधी चाललं होतं ना?" मी विचारलं.

"बराबर चाललं व्हतं. पहिल्या दोन फेऱ्या ह्याच्यावरच दिल्या की. मंग नऊ दिवस झाकून ठेवलेलं. आत्ता लावलं तर हे असं."

"नवमीला एवढं ओवाळलं त्याला," गिरिजाबाई म्हणाल्या, "खाऊ घातलं, तरी उलटलं मेलं."

तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आमच्याकडे खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळा, कात्री, शिलाई मशीन, मोटारसायकल, आणि आता कंप्युटरही. त्या कंप्युटरच्या पेटीवर अजून कुंकवाची बोटं उमटलेली होती. पलंगाशेजारच्या बुटक्या स्टुलावर ती पेटी ठेवलेली, वर झेंडूचं एक वाळकं फूल.

मला जेवढं येतं तेवढं मी केलं. कॉलेजात असताना कंप्युटरचा एक कोर्स केला होता, तो बहुतेक असल्याच दिवसासाठी. आवाज बंद केलेला नाही ना, ते पाहिलं. माइकचं चित्र उघडलं. तिथं लिहिलेलं होतं, की काही जोडलेलंच नाही. पण जोडलेलं तर होतं. पेटीच्या पुढच्या बाजूला दोन गोल भोकं असतात, एक हिरवं आणि एक गुलाबी. हिरव्यात ऐकायची पिन, गुलाबीत बोलायची. दोन्ही पिना आपापल्या जागी होत्या. मी त्या काढल्या, परत घातल्या. काही नाही.

तेव्हा एक गोष्ट मला दिसली. हिरवी पिन पार बुडापर्यंत गेली होती. गुलाबी पिनेचं रुपेरी अंग मात्र जरासं बाहेर राहिलं होतं, नखाएवढंही नाही. मी दाबून पाहिली. जात नव्हती.

"पप्पूला बोलवू," मी म्हटलं.

पप्पूचं मेन रोडला मोबाइल आणि कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सोमेश्वरचा दोस्त. फोन केल्यावर तो स्कूटरवर आला, खांद्यावर बॅग, आणि आल्या आल्या म्हणाला, "आक्का, टेन्शन घेऊ नका." त्याच्या बोलण्यात नेहमी एवढा दम असतो, की आपल्याला खरंच थोडं हलकं वाटतं.

त्यानं आधी माझ्यासारखंच सगळं पाहिलं. मग म्हणाला, "बंद करून चालू करू." आता त्या कंप्युटरचं वय म्हणजे, चालू करून कुकर लावावा, शिट्ट्या होऊ द्याव्यात, मग परत येऊन बसावं. आम्ही तिघं त्या गोल गोल फिरणाऱ्या चिन्हाकडे बघत उभे. बाहेर बद्रीनाथनं घड्याळ पाहिलं असावं, कारण तो आत येऊन म्हणाला, "वैनी, तवर मी भांडी टाकू का टेम्पोत? न्हाई म्हणजे, काम झालं तर परत उतरवीन की."

दैवशालानं मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते मला कळलं नाही. बद्रीनाथला हो वाटलं.

चालू झालं. पट्टी राखाडी.

पप्पूनं आवाजाचं सॉफ्टवेअर काढून टाकलं, पुन्हा टाकलं. परत बंद, परत चालू. परत ते चिन्ह. आतल्या खोलीतून पातेली एकात एक बसल्याचे आवाज येऊ लागले.

"मागच्या बाजूला पण भोकं असतात ना?" मी विचारलं.

"हायेत की. पण जूनमधी वीज पडली ना काकू, तवाच मागची गेली. मीच पुढं लावून दिलं व्हतं." त्यानं बॅगेतून दुसरा माइक काढला, गुलाबीत घातला. पट्टी हलली नाही.

"पेनड्राइव्हच्या खाचेत लागतो तो यूएसबीचा माइक नाही का?"

"जालन्याला भेटल. मंठ्यात कोण घेतंय?" तो खाली वाकून भोकाकडे बघत राहिला. "काकू, पुढचं पॅनलच गेलं वाटतं. जुनं झालंय."

"पप्पू, ती पिन पुरी आत जात नाहीये बघ," मी म्हटलं.

"जुन्याचं असंच असतंय, काकू. सैल-घट्ट व्हतंय."

मग त्यानं ते वाक्य म्हटलं, जे दुरुस्तीवाला म्हणाला की घरातलं बाईमाणूस समजून जातं. "आक्का, त्यांना फोन करून सांगून बघा ना, प्रॉब्लेम झाला म्हणून."

दैवशालानं फोन केला. तिकडची मुलगी गोड बोलली. पण नियम तोच. बारा वाजेपर्यंत तपासणी पास झाली तर ठीक.

अकरा वाजून गेले होते. बद्रीनाथनं आता दोरी आणली होती. शिलाई मशीन त्यानं आणि टेम्पोच्या ड्रायव्हरनं उचलून बाहेर नेलं. जिथं ते असायचं तिथं फरशीवर एक स्वच्छ चौकोन उरला. गिरिजाबाई त्या चौकोनाकडे बघत होत्या. त्यांनी वॉकर जवळ ओढून घेतला, जणू तोही कुणी नेईल.

"म्या न्हाई जायची," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या, ते कळलं नाही. "मी त्याला खाऊ घातलं व्हतं. माझ्या हातानं. तरी असं."

"आई, गप ना जरा," बद्रीनाथ दारातून म्हणाला. "तिकडं त्यांचं काय चाललंय, अन तुझं काय."

माझंही चित्त थाऱ्यावर नव्हतं. पप्पू स्क्रूड्रायव्हर घेऊन पेटी उघडायला बसला होता आणि गंजलेला स्क्रू फिरत नव्हता. मी टॉर्च धरून उभी. अशा वेळी म्हातारं माणूस बोलत असलं की आपण नुसतं "हो हो" म्हणतो. मीही म्हटलं, "हो हो, आजी."

दैवशाला उठली.

इथं मला तिच्या दवाखान्यातली एक गोष्ट सांगायला हवी. ती असताना मी एकदा माझ्या पाठीच्या दुखण्यासाठी तिथं बसले होते. ढोकसाळकडची एक पोरगी आली, नवी नवरी, सोबत सासू. पोट दुखतं म्हणाली. नंबर सांगून बसवलं असतं तरी चाललं असतं. पण दैवशालानं तिला शेजारी बसवलं आणि विचारलं, "अजून?" पोरगी म्हणाली, झोप येत नाही. "अजून?" माहेरची आठवण येते. दैवशाला ऐकत राहिली. दवाखाना भरलेला, लोक कुरकुर करायला लागलेले. शेवटी सासू पाणी प्यायला उठली तेव्हा ती पोरगी म्हणाली, की दोन महिने झाले, अन काल पाट्या उचलताना अंगावरून गेलं. दैवशालानं तिला सगळ्यांच्या आधी आत पाठवलं. नंतर मी तिला विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, "मला कुठं कळलं, ताई? बाईमाणूस खरी गोष्ट शेवटी सांगतंय. उठायच्या येळंला. तवर आपण नुसतं थांबायचं."

त्या दिवशी ती उठली, हेडफोन टेबलावर ठेवला आणि जाऊन सासूच्या पलंगावर बसली. पप्पूला म्हणाली, "थांब जरा. ठाकठोक करू नको."

"आक्का, येळ..."

"थांब."

मग सासूकडे वळून, जणू दिवसभर दुसरं कामच नाही अशा आवाजात, "आत्याबाई, नवमीला मी देवीच्या देवळात गेल्ते ना. घरी तुम्ही एकट्यानं पूजा केली. काय काय केलं?"

"कशाला? चुकलं का माझं काही?"

"चुकंल कशाला? मला बघायला न्हाई भेटलं म्हणून विचारून राह्यले."

गिरिजाबाई जरा सैल झाल्या. सुरुवात केली ती पार ताटापासून. की ताट दैवशालानंच लावून दिलं होतं, पण कापूर ठेवायला विसरली होती. "नेहमीचंच तुझं." मग विळा. विळ्याला त्यांच्या सासूबाई कसं दूध लावायच्या. मग कात्री, तिच्या कानात तेल. मग शिलाई मशीन, त्याच्या चाकाला फूल, फूल पडलं, परत ठेवलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. पप्पू पाय बदलत होता. दारातून बद्रीनाथनं एकदा डोकं आत घातलं आणि परत गेला. पलंगासाठी ड्रायव्हरला हाक मारल्याचं ऐकू आलं.

दैवशाला मान डोलावत होती. मध्ये एकदा तिच्या हाताची बोटं पदराचं टोक पिळताना मला दिसली, तेवढंच.

"मंग आला हा," गिरिजाबाईंनी हनुवटीनं पेटी दाखवली. "वॉकर धरून उठले. बस म्हणाला गुडघा, पण उठले. सोमाची चीज हाय. तो असता तर त्यानं केलंच असतं की. हळद लावली, कुंकू लावलं. फूल ठेवलं."

"अजून?"

"अजून काय. ओवाळलं."

"हां. अजून?"

गिरिजाबाई थांबल्या. लहान मुलगी खाऊ चोरल्याचं सांगते तशा आवाजात म्हणाल्या, "तुला हसायला येईल."

"न्हाई येणार."

"बैलाला पोळ्याला घास देतो ना आपण. मशीनला चालत न्हाई, ते लोखंड. पण हा तर बोलतो. ऐकतो. मंग ह्याला तोंड असंल ना? म्या बघितलं. दोन भोकं हायेत. एक हिरवं, ते काय तोंड नव्हं. एक गुलाबी, आतून ओठासारखं. मंग अक्षता व्हत्या ताटात, कुंकवात भिजलेल्या. दोन घातल्या. एक पडली खाली. एक आत गेली. बोटानं सरकवली जराशी." त्यांनी बोट दाखवलं. "उपाशी का ठेवावं?"

पप्पूनं माझ्या हातातली टॉर्च घेतली आणि गुडघ्यावर बसला. भोकाला डोळा लावला.

"हाय," तो हळूच म्हणाला. "आत लालसर हाय काहीतरी. आम्ही पिन घालून घालून पार ठोसून बसवलं त्याला."

दैवशालानं दाराकडे पाहिलं. बद्रीनाथ टेम्पोपाशी होता, पाठमोरा. ती खालच्या आवाजात म्हणाली, "पप्पू, भाऊजींनी विचारलं तर वायर सैल व्हती म्हण."

"व्हय, आक्का."

"काय काढता गं त्याच्यातून?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"धूळ बसलीय, आत्याबाई."

पप्पूचा चिमटा जाड पडला. सुई घातली तर तांदळाला टोचायची, पण ओढायची नाही. उलट आणखी आत जायची भीती. आणि आत पितळेच्या नाजूक पट्ट्या असतात, पप्पू म्हणाला. त्यातली एक वाकली तर मग खरंच काही राहणार नाही. मला एकदम माझी क्रोशाची सुई आठवली. सगळ्यात बारीक, रुमालाला लेस करायची, टोकाला आकडा असलेली. मी भिंतीवरून गेले, फाटकातून नाही. या वयात. कणकेवर माशा बसल्या असणार, ते मनात आलं, पण थांबले नाही.

पप्पूनं कंप्युटर बंद केला, तार काढली, आणि सुई हातात घेतली. एकदा भोकाशी नेली आणि परत मागे घेतली. "आक्का, तुम्हीच करा," तो म्हणाला. "तुमचा हात शिवणाचा हाय."

दैवशाला फरशीवर बसली. मी टॉर्च धरली. तिनं सुई भोकाच्या आतल्या भिंतीला लावून, अगदी कडेकडेनं आत सोडली, फिरवली, आणि ओढली. नुसता कुंकवाचा लाल भुगा आला. परत. यावेळी काहीतरी तुटल्याचा बारीक आवाज झाला, आणि मला वाटलं, गेली पट्टी. पण सुईच्या टोकावर अर्धा तांदूळ होता, गुलाबी झालेला.

"अर्धा राह्यला," पप्पू म्हणाला.

बाहेरून बद्रीनाथ आणि ड्रायव्हर आत आले. "वैनी, पलंग न्यायचा. आईला खुर्चीवर बसवता का?"

"भाऊजी," दैवशाला मान वर न करता म्हणाली, "बारापर्यंत म्हणला व्हता ना तुम्ही."

"व्हय, पण..."

"मंग बारा वाजू द्या."

तिनं कधी दिराशी असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आवाज चढलेला नव्हता. बद्रीनाथ दोरी हातात घेऊन उभा राहिला, मग बाहेर जाऊन ओट्यावर बसला.

उरलेला अर्धा तांदूळ काही केल्या येईना. एकदा आला असं वाटलं आणि घसरला. पप्पूनं त्याचा हवा मारायचा रबरी फुगा दिला. त्यानं भुगा उडून तिच्या तोंडावर आला. कपाळावर, नाकावर कुंकू. तिनं पुसलं नाही. पेटी तिरकी केली, भोक खाली. सुई पुन्हा आत, आणि मग फरशीवर एक एवढासा आवाज झाला. तांदळाचा.

मी तो उचलला आणि पदराच्या गाठीत बांधला. का बांधला, सांगता येणार नाही. अक्षता केरात टाकवेना.

पप्पूनं तार जोडली, बटण दाबलं. आता ते गोल फिरणारं चिन्ह. मी त्याला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. पडदा उजळला. पप्पूनं गुलाबी पिन घातली, आणि यावेळी ती गेली. टक्. हिरवीच्या बरोबरीनं, बुडापर्यंत.

दैवशालानं हेडफोन लावला. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात गिरिजाबाईंना खोकला आला, आणि पडद्यावरची पट्टी हिरवी होऊन एवढी उसळली की पप्पू मागे सरकला.

"ऐकायला लागलं," गिरिजाबाई म्हणाल्या. "बघितलं का?"

पण आता गिरिजाबाईंना बाहेर न्यायला हवं होतं. खोलीत दुसरं माणूस नको. पप्पूनं आणि मी त्यांना वॉकरवर उभं केलं, आणि एक एक पाऊल करत ओट्यावर आणलं. घड्याळात काटे जवळजवळ एकावर एक आलेले. मागून दैवशालाचा आवाज, "हॅलो, माझं नाव दैवशाला," आणि मग दार बंद झालं.

ओट्यावर आम्ही चौघं. बद्रीनाथनं आईला आपली चटई दिली. टेम्पोत शिलाई मशीन दोरीनं बांधलेलं. दाराच्या फटीतून तिचा आवाज येत होता, एकाच बाजूचा.

"हां ताई, बोला... कितवा महिना?... हां... बोला, ऐकून राह्यले मी."

मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही.

"बंद पडलं परत," बद्रीनाथ उठून उभा राहिला. पप्पूही दाराकडे निघाला. मी त्याचा शर्ट धरला.

"बस. ऐकतेय ती."

"एवढा येळ?"

"एवढाच वेळ लागतो."

आणि खरंच आतून आवाज आला, मऊ. "अजून काही सांगायचं राह्यलं का, ताई?" परत शांतता. गिरिजाबाईंनी माझ्या मनगटाला धरलं होतं. मग दैवशालाचा आवाज बदलला. घाई नाही, पण आता त्याला धार होती. "कवापासून दिसंना नीट? डोकं दुखतंय? पाय सुजलेत? बरं. ताई, फोन ठेवू नका. घरात कोण हाय त्यांना हाक मारा. गाडी हाय का जवळ? तवर मी डॉक्टरला लाइनवर घेऊन राह्यले. घाबरू नका, मी हाय."

पप्पू माझ्याकडे बघत राहिला. "हे खोटं खोटं हाय ना, काकू?"

"त्यांचं खोटं आहे," मी म्हटलं. "तिचं नाही."

दार उघडलं तेव्हा तिच्या कपाळावर अजून कुंकवाचा भुगा होता. तसंच तोंड घेऊन ती त्या पुण्याच्या लोकांसमोर बसली होती, हे तिला तेव्हा कळलं. हात कपाळाकडे गेला. "संध्याकाळपर्यंत कळवतो म्हणले," ती म्हणाली, आणि उंबऱ्यातच बसली.

बद्रीनाथनं टेम्पोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, काय करायचं?" बद्रीनाथ परत ओट्यावर बसला. दैवशालाला म्हणाला, "वैनी, मंग संध्याकाळपर्यंत चहा तरी पाजा."

पातेली टेम्पोत होती. चहा माझ्या घरून आला. जेवणही. माझी कणीक अगदीच वाया गेली नाही.

फोन आला तेव्हा उन्हं कलली होती. दैवशाला ऐकत होती, "हां, हां," एवढंच म्हणत होती, आणि आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे. फोन ठेवून ती म्हणाली, "सोमवारपासून." आणि मग सासूला, "आता चहात साखर जास्त मागायची न्हाई. मला बोलायचं काम हाय, तुमच्यासंग भांडायला घसा राहणार न्हाई."

"बघू," गिरिजाबाई म्हणाल्या.

बद्रीनाथनं दोरी सोडली आणि आधी शिलाई मशीन उतरवलं. ते परत त्या स्वच्छ चौकोनात ठेवलं, नेमकं. निघताना पप्पूला विचारलं, "झालं काय व्हतं त्याला?"

"वायर सैल व्हती," पप्पू म्हणाला.

"न्हाई रे," गिरिजाबाई मध्येच म्हणाल्या, "वायर कशाची. मी नवमीला खाऊ घातलं व्हतं त्याला. ऐन टायमाला कामी आलं."

दैवशालानं पप्पूकडे पाहिलं. पप्पूनं बॅग उचलली.

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. आता दैवशालाला देवळात जायला सवड नसते. सकाळपासून हेडफोन कानाला. कंप्युटर तोच आहे, आणखी म्हातारा. मी हळदीकुंकू घेऊन गेले तर गिरिजाबाई वॉकर धरून पेटीसमोर उभ्या, हातात अक्षता, आणि चिडलेल्या. दोन पिनांच्या भोवती दैवशालानं काळी चिकटपट्टी गच्च गुंडाळली होती.

"ह्याचं तोंड कशाला बांधलं गं?"

दैवशालानं माइक हातानं झाकला. "त्याचा नवरात्राचा उठता उपास हाय, आत्याबाई."

गिरिजाबाईंनी विचार केला. मग अक्षता पेटीच्या डोक्यावर वाहिल्या, हात जोडले, आणि म्हणाल्या, "मंग उद्या पारणं फेडायला मला उठव. विसरशील, नेहमीचंच तुझं."